दुसरं माप

सोमवार, ३ तारीख

नवी नोकरी, म्हणून नवी वही. दुकानदाराने ओळी आठ मिलिमीटरच्या आहेत असं सांगून दिली. घरी येऊन मोजल्या तर सात भरल्या. परत करायला गेलो नाही. सातचा पाढा मला तोंडपाठ आहे.

आज हजर झालो. हॉस्पिटलच्या तळघरात रेकॉर्डची खोली आहे, तीच माझी जागा. लांबी अठरा पावलं, रुंदी नऊ. भिंतीला लोखंडी मांडण्या, त्यांत चारशे बारा पाकिटं. प्रत्येक पाकिटात एका माणसाच्या गाठीची चित्रं. साध्यासुध्या गाठी इथे नाहीत. त्वचेखाली मुळांसारख्या पसरणाऱ्या, नसेच्या आवरणात उगवलेल्या, स्नायूत खोल दडलेल्या, डॉक्टरांना जन्मात एकदा बघायला मिळतात अशा. डॉक्टरबाईंनी त्या पस्तीस वर्षं जमवल्या आहेत. आता सगळ्यांची मापं नव्याने घेऊन एक पक्कं रजिस्टर करायचं आहे, आणि ते मी करणार.

मुलाखतीत कारकुनाने सर्टिफिकेट मागितलं. माझ्याकडे नाही. सव्वीस वर्षं मशीन दुरुस्त करत, फिल्म धूत, डॉक्टरांच्या पाठीमागे उभा राहून शिकलो. डॉक्टरबाईंनी कारकुनाला गप्प केलं आणि माझ्यापुढे एक फिल्म धरली. मी म्हणालो, गाठीचं नंतर बघू, आधी कडेला छापलेली पट्टी बघा, ती चुकीच्या प्रमाणात आहे. बाई हसल्या. चौदा वर्षं ही फिल्म दाखवतेय, म्हणाल्या, हे पहिल्यांदाच कोणी सांगितलं.

काम समजावताना त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. हातापायातली खोल गाठ पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर त्या हात किंवा पाय वाचवायचं बघतात. पाचच्या पुढे गेली की घरच्यांशी बोलायची भाषाच बदलते. म्हणून मिलिमीटरला मान द्या, म्हणाल्या. मला कशाला सांगायला हवं.

पाय दुखतायत. त्रेपन्नावं वर्ष. पण बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

मंगळवार, ४ तारीख

कामाची पद्धत लिहून ठेवतो. फिल्म दिव्याच्या पेटीवर लावायची. एका फिल्मवर वीस चित्रं, म्हणजे हातापायाचे आडवे काप, काकडीच्या चकत्यांसारखे. गाठ सर्वांत मोठी दिसते तो काप निवडायचा. कॅलिपरची, म्हणजे मोजायच्या चिमट्याची, टोकं गाठीच्या दोन कडांना लावायची, मग तेवढंच अंतर कडेच्या पट्टीवर ठेवून वाचायचं. प्रत्येक गाठीची दोन मापं, वेगवेगळ्या दिवशी, आधीचं न बघता. दोन्हींत एक मिलिमीटरहून जास्त फरक पडला तर तिसरं माप. हा नियम माझा. एकच माप म्हणजे ऐकीव गोष्ट, नोंद नव्हे.

बऱ्याच चित्रांत कातडीवर पांढरा ठिपका दिसतो. नवख्याला वाटेल हीच गाठ. ती माशाच्या तेलाची गोळी असते. माणूस ‘इथे लागतंय’ म्हणून बोट ठेवतो, तिथे ती चिकटपट्टीने लावतात, कारण तेल एमआरआयच्या मशीनमध्ये पांढरंशुभ्र उमटतं. कोणाला कुठे दुखलं याची ती खूण.

खोली झाडायला मावशी येतात. माझ्या टेबलावरच्या पेन्सिली रांगेत बघून म्हणाल्या, झालं, आणखी एक बारीक बघणारा आला. आधीचे अण्णाही असेच होते, त्यांची चहाची कपबशीसुद्धा टेबलाच्या कडेपासून मोजून ठेवलेली असायची. मी विचारलं, ते कुठे गेले? त्यांनी केरसुणी उचलली आणि कोपऱ्याकडे वळल्या.

गुरुवार, ६ तारीख

एकशे नऊ पाकिटं झाली. मांडण्यांवर क्रम नाही, हाताला येईल तसं घेतो. मापं जुळतायत.

आज पाकीट २१४. नाव नाही. वय नाही. कुठला हात तेही नाही. आत एकच फिल्म. कोपराखालचा हात, स्नायूत खोल लहानशी गाठ, वर कातडीवर गोळीचा ठिपका. गाठीचं माप ११.

कुठला हात ते मीच ठरवलं. दोन हाडांची मांडणी बघितली की डावा-उजवा कळतो, सर्टिफिकेट लागत नाही. पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं: उजवा.

शुक्रवार, ७ तारीख

२१४ चं दुसरं माप १४. तीन मिलिमीटरचा फरक. अकरा मिलिमीटरच्या गाठीत तीन म्हणजे थट्टा झाली. बाकीच्या एकतीस पाकिटांची मापं अचूक जुळली.

सोमवार, १० तारीख

तिसरं माप १९.

कॅलिपर तपासला. नवा मागवून दोन्ही ताडून बघितले. भिंगाची काच पुसली. पट्टी मोजली, बरोबर आहे. फिल्म प्लास्टिकची असते, ती जागच्या जागी पडून असते. तिच्यातलं काही वाढत नाही. तेव्हा चूक माझीच असणार, आणि ती मला सापडत नाही.

आता जे केलं ते लिहितो, कारण या वहीत तरी खोटं लिहायचं नाही. रजिस्टरमध्ये दोन्ही रकान्यांत ११ लिहिलं आणि सही केली. डॉक्टरबाईंना काय सांगणार होतो? की तुमचा नवा माणूस एक गाठ तीनदा मोजतो आणि तीन आकडे आणतो? कारकुनाला तेवढंच हवंय. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा न घेतलेलं माप लिहिलं.

घरी हिने विचारलं, चेहरा का उतरलाय. डोळे शिणलेत म्हणालो. ती म्हणाली, चारचौघांसारखं काम करा की जरा, तुमच्या मापात देव आला तरी दोन बोटं कमी पडेल.

बुधवार, १२ तारीख

धाकटीला खाली बोलावलं. ती याच हॉस्पिटलच्या इमेजिंग विभागात शिकते, शेवटचं वर्ष. वर्षाअखेर तिच्याकडे सर्टिफिकेट असेल. घरात ते पहिलंच. काही न सांगता २१४ तिच्यापुढे ठेवलं. तिने दोनदा मोजलं. अकरा. पुन्हा अकरा. मग मी मोजलं, तिच्या डोळ्यांदेखत. २४. मोठ्याने सांगितलं नाही.

ती म्हणाली, बाबा, चष्म्याचा नंबर वाढलाय, मान्य करा, लाजायचं काय त्यात. संध्याकाळी डोळे तपासून घेतले. नंबर होता तोच आहे.

गुरुवार, १३ तारीख

मांडणीमागे आधीच्या अण्णांचं रजिस्टर सापडलं. सुरेख अक्षर. पानंच्या पानं जुळलेली मापं. मग पाकीट १८८, पोटरी, नाव नाही. तिथे दोनच्या जागी सात आकडे, समासात दाटीवाटीने लिहिलेले: ९, १३, २०, २८, ३७, ४६, ५५. त्यापुढे रजिस्टर कोरं.

मावशींना जवळ बसवून चहा दिला, तेव्हा बोलल्या. अण्णांचा पाय गेला. गुडघ्याच्या वरून. शेवटी शेवटी ते पोटरी चोळत बसायचे आणि म्हणायचे, हा पाय ओळखीचा वाटतो. मावशींना वाटलं, माणूस थकलाय, थकला की काहीही बोलतो. इतकी वर्षं मी इथला केर काढतेय, म्हणाल्या, मला काही होत नाही, कारण मी ती चित्रं बघतच नाही. तुम्ही लोक बघून थांबत नाही ना.

१८८ चं पाकीट शोधलं. मिळालं नाही.

शनिवार, १५ तारीख

आज २१४ न मोजता नुसतं बघितलं. कातडीखाली चरबीचा पांढरा पट्टा असतो, सगळ्यांना असतो. या हाताच्या पट्ट्यात दोन खळगे आहेत, एक खोल, एक उथळ, शेजारी शेजारी. त्यांच्यातलं अंतर मोजलं. बावीस.

नऊ वर्षांचा असताना मला कुत्रा चावला. कोपराखाली दोन दात रुतले. जखमा भरल्या, खळगे राहिले. त्यांच्यातलं अंतर बावीस मिलिमीटर आहे. मला माहीत आहे, कारण मी मोजलेलं आहे.

बाही वर करून खळगे आणि आजूबाजूचा भाग चाचपला. मग लक्षात आलं आणि घाम पुसला. माझे खळगे डाव्या हाताला आहेत. फिल्ममधला हात उजवा. कोणा दुसऱ्या पोराला दुसरं कुत्रं चावलं असेल. जगात कुत्र्यांची काय कमी.

सोमवार, १७ तारीख

सकाळी निघण्याआधी जेवताना सहज विषय काढला. नाव नसलेल्या पाकिटावर हाडांवरून डावा-उजवा कसा ओळखला, ते धाकटीला जरा ऐटीत सांगत होतो. ती घास हातात धरून थांबली. तिने विचारलं, फिल्मवर आधी कोपर येतं की मनगट?

मी म्हणालो, कोपर.

मग तर हात डोक्यावर होता, म्हणाली. माणसाला पालथं झोपवून हात पुढे ताणायला लावतात, पोहणाऱ्यासारखा. मशीन पायांकडून डोक्याकडे मोजत जातं, म्हणून हात वर असला की कोपर आधी येतं. आणि तसं असलं की कापातली मांडणी उलटी दिसते. हात खाली धरून हिशेब केलात तर उजवा वाटेल, पण तो डावा. हे आम्हाला पहिल्या वर्षात शिकवतात, बाबा. आणि हसली. ही पण हसली.

मी पानावरून उठलो.

दुपारी खाली जाऊन मोजलं. ३१. पाकिटावरचं ‘उजवा’ खोडलं. त्याखाली लिहिलं: डावा.

मंगळवार, १८ तारीख

सकाळी अंघोळ करताना सापडली. डाव्या हाताला, कोपराच्या घडीपासून नऊ सेंटिमीटर खाली, खोल. चित्रात गोळी जिथे आहे, बरोबर तिथे. दाबलं तर दुखत नाही. शनिवारी याच जागी काही नव्हतं, मी चाचपलं होतं.

चिमटीत धरून कॅलिपर लावला. ३१. हे माप जुळलं. पहिल्यांदाच जुळलं.

डॉक्टरबाईंकडे जायचं तर २१४ दाखवावं लागेल. २१४ दाखवायचं तर रजिस्टरमधले दोन अकरा दाखवावे लागतील. उद्या बघू. फार थकवा आलाय.

बुधवार, १९ तारीख

दिवसभर काहीच मोजलं नाही. गाठ होती तेवढीच, बोटाला कळतं. मावशींचं बोलणं डोक्यातून जाईना. तेव्हा एक प्रयोग केला. चार वाजता हात चाचपला, तसाच. चार वाजून पाच मिनिटांनी फिल्म मोजली, ३८. लगेच हात चाचपला. बाही उतरवताना काठ गाठीवर अडकला.

इथेच थांबायला हवं होतं.

पण एकच माप घेतलेलं. म्हणून दुसरं घेतलं. ४३.

ती मी मोजतो म्हणून वाढते. धाकटीने मोजलं तेव्हा वाढली नाही. मी मोजतो तेव्हाच.

गुरुवार, २० तारीख

कॅलिपर कपाटात. किल्ली मावशींकडे दिली, म्हणालो, मागितली तरी देऊ नका. त्यांनी ती कनवटीला खोचली. अण्णांनीही दिली होती म्हणाल्या. मग दोन दिवसांनी कुलूप तोडलेलं सापडलं.

सात मिलिमीटर उरलेत. पन्नासला.

घरी हिने बाही वर केली आणि बघितलं. ओरडली नाही. खाली बसली. कधीपासून, एवढंच म्हणाली. मी तारखा सांगायला लागलो तेव्हा माझ्या तोंडावर हात ठेवला.

शुक्रवार, २१ तारीख

धाकटीने डॉक्टरबाईंकडे नेलं. सगळं सांगितलं, दोन अकरांसकट. बाईंनी २१४ स्वतः मोजलं. अकरा. रजिस्टर बरोबर आहे की, म्हणाल्या, उगाच काय जिवाला लावून घेतलंत, नोकरीला काही होत नाही. खळगे दाखवले तर म्हणाल्या, अशा खुणा पुष्कळांच्या असतात. त्यांना माझा हात महत्त्वाचा वाटला, फिल्म नाही. बरोबरच आहे त्यांचं.

पालथं झोपवलं. हात डोक्यावरून पुढे. धाकटीने गोळी लावली. तिची बोटं गार होती. मशीन अर्धा तास ठोकत राहिलं.

बाईंचं माप ४३. एकदाच घेतलं. पाचच्या आत आहे, म्हणाल्या, हात राहील. सोमवारी सकाळी आठला ऑपरेशन. तोवर गाठीला हात लावायचा नाही, चोळायची नाही, काही करायचं नाही. दोन दिवस नुसतं बसून राहायला जमेल ना तुम्हाला, असं हसून विचारलं.

माझी फिल्म कारकुनाने पाकिटात घातली. त्यावर नाव घालायचं राहिलं. मी सांगितलं, तो म्हणाला, घालतो नंतर, तुम्ही जा आता. मागे वळून बघितलं. ट्रेमध्ये कोरं पाकीट, आत एकच फिल्म.

शनिवार, २२ तारीख

धाकटीने घरातल्या पट्ट्या गोळा केल्या. माझी स्टीलची, तिच्या कंपासातली, हिची शिवणाची टेप. ट्रंकेत घालून ट्रंक शेजाऱ्यांकडे ठेवली. ही वही माझ्याकडे ठेवू का, मी विचारलं. ती म्हणाली, लिहा, तेवढंच मन रमेल.

हिने हातावर जुनं फडकं गुंडाळलंय. म्हणाली, दिसलं नाही की सुचणार नाही.

खिडकीला सहा गज आहेत. मधलं अंतर साधारण अकरा सेंटिमीटर. साधारण. साधारण म्हणजे काय.

डोळे मिटले तरी मोजतात.

रविवार, २३ तारीख, सकाळ

झोप नाही. उद्या आठ वाजता.

बाईंचं माप एकच आहे. त्यांनी दुसरं घेतलं नाही. घाईत होत्या. ४३ कशावरून? ४५ असेल. ४९ असेल तर उद्या फाडल्यावर कळणार, तेव्हा मी भूल दिलेला, कोण सांगणार मला —

नाही. बसून राहायचं.

रविवार, दुपार

ही आणि धाकटी बाहेरच्या खोलीत उद्याची पिशवी भरतायत. धाकटी तिला सांगतेय, आई, काळजी करू नको, पाचच्या आत आहे. तिने ते तीनदा सांगितलं. तिलाही खात्री नसावी.

फडकं सैल झालंय. मी सोडलं नाही. आपोआप —

या वहीच्या ओळी. सात मिलिमीटर. आत्ता लक्षात आलं. तीन आठवडे यांच्यावरच लिहितोय.

मोजायचं नाही.

हात पानावर नुसता ठेवलाय. टेकायला. थकलाय हात. नजर आपली खाली जाते.

गाठीची वरची कड एका ओळीवर आली. खालची कड — सात ओळी. सात सत्ते एकोणपन्नास.

बाईंचं ४३. माझं ४९. फरक सहा. एक मिलिमीटरहून जास्त.

धाकटी हाक मारतेय, बाबा, काय करताय? काही नाही म्हणालो.

फरक जास्त. नियम माझाच आहे. तिसरं माप

हात परत ठेवला. कोपर वर. दोन ओळी, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ